पैशावरची पुस्तकं, उधारीची वही आणि सांगलीतला फ्लॅट

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यात वडिलांचं कृषी सेवा केंद्र, प्रश्नकर्त्याचं वय ३१. दीड वर्षात पैशावरची चार पुस्तकं वाचून झाली. तेव्हापासून वाटायला लागलंय की वडिलांनी पतसंस्थेत ८.५ टक्क्यांनी ठेवलेले ६ लाख कुजतायत, उधारीवर दुकान चालवणं हा जुना विचार आहे, आणि कर्ज काढून सांगलीत ३५ लाखांचा फ्लॅट घ्यावा, ९ हजार भाडं येईल. वडिलांचं म्हणणं एकच, ‘पुस्तक वाचून दुकान चालत नसतंय.’ विचारलंय असं, की या पुस्तकांनी पैशाकडे आणि धंद्याकडे बघायची नजर खरंच बदलते, की तो चार दिवसांचा जोर असतो?

नजर बदलते. पण ती टिकते का, हे पुस्तक मिटल्यावर तुमच्या वहीत कोणता आकडा पहिल्यांदा लिहिला गेला यावर ठरतं. छोट्या दुकानांचे हिशेब आणि आयकराची विवरणपत्रं करणं हेच माझं काम, त्यामुळे मी वाचकाच्या उत्साहापेक्षा त्याची वही आधी मागतो. तुमच्या पत्रात फ्लॅटची किंमत, भाडं, ठेवीचं व्याज सगळं नीट आहे. दुकानात वर्षाला किती सुटतं, या जागी मात्र ‘साधारण दहा टक्के’ एवढंच लिहिलंय. सुरुवात तिथून करावी लागेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. दुकानाचा खत-औषधांचा परवाना आणि कॅश क्रेडिट (म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेतून लागेल तसा उचलायचा पैसा) कोणाच्या नावावर आहे, भाऊ आहे का, द्राक्षबाग स्वतःची आहे का, यानुसार पुढचे आकडे हलतील. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी हिशेब मांडतो. स्वतःचे आकडे घालून तो पुन्हा करा.

वर्षाची विक्री ३६ लाख, सुटतात दहा टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. कामाला एक पोरगा, महिना १० हजार, वर्षाचे १ लाख २० हजार. वीज, फोन, हमाली, किरकोळ मिळून २४ हजार. उधारी सरासरी १२ लाख, ती सरासरी सहा महिने बाहेर. कॅश क्रेडिटचा दर १२ टक्के धरला तर त्या उधारीचं व्याज ७२ हजार. उरले १ लाख ४४ हजार. वडिलांच्या मते हा नफा, आणि इथवर चूक काहीच नाही. आता यात दोन ओळी घाला ज्या कुणीच लिहिलेल्या नाहीत. गाळा स्वतःचा आहे, पण तो दुसऱ्याला दिला असता तर महिना ५ हजार आले असते, म्हणजे वर्षाला ६० हजार. आणि तुम्ही सकाळी नऊ ते रात्री आठ तिथं उभे असता, त्याचा पगार महिना १५ हजार, वर्षाला १ लाख ८० हजार. नफ्याच्या जागी ९६ हजारांचा तोटा आला. बुडीत उधारी अजून धरलेलीच नाही. १२ लाखांतली तीन टक्के आली नाही तर आणखी ३६ हजार गेले.

पैशावरच्या पुस्तकाचा खरा उपयोग मला इथं दिसतो. जी पुस्तकं चांगली आहेत ती मालक आणि धंदा वेगळे करायला शिकवतात. मालकाच्या श्रमाला किंमत असते, पडून असलेल्या पैशाला किंमत असते, उधार दिलेल्या मालावर व्याज चढत असतं. आपल्याकडे ‘घरचंच आहे’ म्हणून या तिन्हींची किंमत शून्य धरली जाते. ज्याच्या डोक्यात ही किंमत एकदा बसली त्याची नजर परत जुनी होत नाही, आणि त्यासाठी चार पुस्तकं लागत नाहीत, एक पुरतं.

आता फ्लॅट. रॉबर्ट कियोसाकींच्या ‘रिच डॅड पुअर डॅड’मधली व्याख्या तुम्ही पत्रात वापरली आहे, खिशात पैसे टाकते ती मालमत्ता, खिशातून काढते ते देणं. तीच व्याख्या तुमच्या फ्लॅटला लावू. ८० टक्के कर्ज मिळालं तर २८ लाख, ८.५ टक्क्यांनी २० वर्षं, हप्ता सुमारे २४ हजार ३००. भाडं ९ हजार. दर महिन्याला खिशातून १५ हजारांच्या वर जाणार. म्हणजे त्या पुस्तकाच्याच मापानं ते देणं झालं. शिवाय स्वतःचे ७ लाख आणि मुद्रांक शुल्क-नोंदणीचे दोन-अडीच लाख आधी उभे करायचे. ठेव आहे सहाची, मग वरचे तीन-साडेतीन लाख कुठून येणार? बहुतेक जण ते दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून उचलतात. मग ऑक्टोबरमध्ये औषधाची मागणी वाढते तेव्हा माल भरायला पैसा नसतो, गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं आणि तिथलंच होऊन बसतं. दुकान बुडायचा हा रस्ता पुस्तकात नाही, पण आपल्याकडे तो चांगला मळलेला आहे.

भाड्याचा परतावाही बघा. वर्षाचे १ लाख ८ हजार, त्यातून घरपट्टी, सोसायटीचा खर्च, एखादा महिना रिकामा, रंगरंगोटी काढली तर ८५ हजारांच्या आसपास हातात येतात. सगळ्या खर्चावर ते अडीच टक्क्यांच्याही आत आहे. किंमत वाढेल हे खरं असू शकतं, पण तो अंदाज आहे आणि हप्ता नक्की आहे. ते पुस्तक १९९७चं, अमेरिकेतलं. तिथं ३० वर्षं व्याजदर न बदलणारं गृहकर्ज सर्रास मिळतं. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०१९पासून व्यापारी बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेली असतात. दर एक टक्का वर गेला तर तुमचा हप्ता सुमारे १८०० रुपयांनी वाढेल, किंवा मुदत लांबेल. व्याख्या घ्यावी, उदाहरण तिथंच सोडावं.

दुसरा फरक याहून मोठा आहे आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. ही पुस्तकं महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. तुमच्या गिऱ्हाइकाचा महिना तीस दिवसांचा नसतो. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, सप्टेंबर-ऑक्टोबरात, माल निघतो जानेवारी ते एप्रिल, बेदाणा केला तर तो शीतगृहात जातो आणि भाव बघत दिवाळीपर्यंत बसतो. त्याच्याबरोबर तुमची उधारीही शीतगृहात. ऊसवाल्याचं वेगळं. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर द्यायचा असतो, प्रत्यक्षात हप्ते पडतात. दूधवाल्याला मात्र दर दहा दिवसांनी बिल मिळतं. म्हणून पुस्तकात ‘दर महिन्याला’ असं येईल तिथं तुम्ही ‘दर पट्टीला’ (माल विकल्यावर व्यापाऱ्याकडून येणाऱ्या हिशेबाला) किंवा ‘दर बिलाला’ असं वाचायचं.

‘उत्पन्नाचा दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला’ हा नियम जॉर्ज क्लेसन यांच्या १९२६च्या ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’मुळे घराघरात गेला. जाता जाता सांगतो, त्यातल्या गोष्टी आधी पत्रकांच्या रूपात निघाल्या आणि अमेरिकेतल्या बँका व विमा कंपन्यांनी त्या वाटल्या. बचत वाढली की कोणाकडे ठेव येणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून नियम खोटा ठरत नाही. पण दुकानदार हमखास चुकतो तो इथं, की दहावा हिस्सा गल्ल्यातून काढतो. गल्ल्यात ९० टक्के पैसा वितरकाचा असतो. त्यातून तीन महिने बचत होते, चौथ्या महिन्यात वितरकाचा चेक परततो आणि पुस्तकाला शिव्या बसतात. दहावा हिस्सा काढायचा तो स्वतःच्या पगारातून, आणि शेती असेल तर त्या बिलातून, बिल जमा झालं त्याच दिवशी.

त्यासाठी आधी पगार सुरू करावा लागतो. दुकानाचं चालू खातं वेगळं, घराचं बचत खातं वेगळं. दर महिन्याच्या ५ तारखेला चालू खात्यातून घरच्या खात्यात ठरलेली रक्कम. पहिल्या वर्षी १५ हजार झेपणार नाहीत असं वाटलं तर १२ हजार ठेवा, पण वर्षभर तीच ठेवा. घरात पाहुणे आले, लग्न निघालं, तरी गल्ल्यातून उचलायचं नाही. उचललंच तर ‘मालकानं उचल’ म्हणून त्याच दिवशी लिहायचं. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात कळतं की घर नेमकं कितीत चालतं. तोवर घरखर्च कमी करण्याची भाषा काढू नका. नवं पुस्तक वाचलेला माणूस पहिला घाव घरातल्या बाईच्या किराण्यावर घालतो आणि १२ लाखांची उधारी तशीच राहते.

उधारीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या धंद्यात सगळा जीव तिथं आहे. नव्या वहीत किंवा मोबाइलमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाची बाकी चार कप्प्यांत टाका. ३० दिवसांच्या आतली, ३१ ते ९०, ९१ ते १८० आणि १८० दिवसांच्या पुढची. बेरीज बघितली की बहुतेक दुकानांत शेवटच्या कप्प्यात मोजकीच नावं निघतात आणि निम्मा पैसा त्यांच्याकडे असतो. पुस्तकं म्हणतात उधारी बंद करा. तासगावात ती बंद केली तर दुकानच बंद होईल, कारण बागायतदाराला छाटणीपासून पट्टीपर्यंत कुणीतरी सांभाळावंच लागतं. म्हणून बंद करू नका, तिला मोजमाप लावा. एकरी मर्यादा ठरवा. तुमच्या भागात एका एकराच्या फवारणीला आणि खताला हंगामात जेवढा खर्च येतो त्याच्या निम्म्यापर्यंत उधार, वरचं रोख. आणि तारीख ठरवा, पट्टी आल्यापासून आठ दिवस, बेदाणा ठेवला तरी ३१ मे. भावकीतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही ही खरी अडचण आहे, त्यावर कोणत्याच पुस्तकात प्रकरण नाही. उपाय एवढाच, की नियम सगळ्यांना एक असावा आणि बिलावर छापलेला असावा. छापील नियमाचं कुणाला फारसं लागत नाही, तोंडी नकाराचं लागतं.

प्रत्येक उधारीच्या बिलावर सही घ्या. माल दिल्यापासून, किंवा ठरलेली मुदत संपल्यापासून, वसुलीचा दावा लावायला ३ वर्षं मिळतात. ती संपायच्या आत समोरच्यानं ‘एवढी बाकी मान्य’ असं लिहून सही केली तर तिथून पुन्हा ३ वर्षं धरली जातात. कोर्टात जा असं मी म्हणत नाही, गावात ते कुणी करत नाही. पण दर वर्षी मार्चअखेर बाकी लिहून सही घेणाऱ्या दुकानाचे पैसे लवकर येतात, कारण आकड्यावर वाद राहत नाही.

वडिलांना इथं कामाला लावा. पुस्तकातलं काही ऐकवू नका, गिऱ्हाइकांची यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि प्रत्येक नावापुढे अ, ब किंवा क लिहायला सांगा. कोण पट्टी आली की आधी येऊन देतो, कोण दोनदा सांगितल्यावर देतो, कोण दुसऱ्या दुकानात रोखीनं घेऊन तुमच्याकडे उधार मागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. तुमच्याकडे पद्धत आहे, त्यांच्याकडे माहिती आहे. असा कागद एकत्र बसून झाला की ‘पुस्तक वाचून दुकान चालत नसतंय’ हे वाक्य आपोआप कमी ऐकू येतं.

आता त्या सहा लाखांकडे. वडिलांची ठेव म्हणजे खुळेपणा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला, घड कुजले, की त्या वर्षीची उधारी पुढच्या हंगामावर जाते. पुस्तकातला ‘तीन ते सहा महिन्यांचा खर्च हाताशी’ हा सल्ला पगारदाराला पुरतो. तुम्हाला निदान आठ महिने धरावे लागतील, कारण पुढचा पैसा पुढच्या पट्टीलाच येणार. घरखर्च २५ हजार असेल तर २ लाख.

ठेवीत दोष एकच आहे, सगळी एका पतसंस्थेत आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, प्रति ठेवीदार प्रति बँक व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२०पासून ही मर्यादा लागू आहे, त्याआधी ती १ लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. जास्तीचा एक-दीड टक्का मिळतो तो या धोक्याचाच मोबदला आहे.

मी असं सुचवेन. मुदत संपेल तसे २ लाख बँकेत मुदत ठेवीत, राखीव म्हणून, त्याला हात नाही. २ लाख आहेत तिथं राहू देत. उरलेले २ लाख रोखीच्या खरेदीला. वितरक ६० दिवसांच्या उधारीऐवजी लगेच पैसे दिले तर ३ टक्के सोडत असेल, तर ते वर्षाला १८ टक्क्यांसारखं झालं. सहा महिन्यांच्या हंगामात हे २ लाख तीनदा फिरले तर १८ हजार सुटतात. त्याच काळात पतसंस्थेत ८५०० मिळाले असते. पैसा कामाला लावणं म्हणतात ते हे, आणि यासाठी सांगलीला जावं लागत नाही. अट मात्र कडक आहे. रोखीनं घ्यायचा तो माल रोखीनंच खपणारा हवा, नाहीतर पैसा एकदा फिरतो आणि उधारीत अडकतो. आणि सवलतीच्या मोहात जास्त भरू नका. मुदत संपलेलं कीटकनाशक विकणं गुन्हा आहे, आणि वितरक ते परत घेईलच असं नाही. दर महिन्याला मांडणी तपासून सहा महिन्यांत मुदत संपणारा माल पुढच्या फळीवर आणा.

व्याजाच्या बाबतीत पुस्तकं एक चांगली सवय लावतात, दर कसाही सांगितला तरी तो वर्षाचा करून बघायची. महिना शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ (म्हणजे फेड होत गेली तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच) असं सांगून १ लाख रुपये २४ महिन्यांसाठी दिले तर हप्ता येतो ५१६७ रुपये, आणि घटत्या शिलकीवर तोच दर साडेएकवीस टक्के होतो. ‘महिना पाच टक्के परतावा’ म्हणणारा व्याजावर व्याज धरून वर्षाला जवळपास ८० टक्के देतो म्हणत असतो. असा धंदा ज्याच्याकडे असेल तो तुमच्याकडे दोन लाख मागायला येणार नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण श्रीमंतीचं पुस्तक हातात दिसलं की साखळी विक्रीवाले आणि ट्रेडिंगच्या शिबिरांचे लोक तिथंच येऊन बसतात. कित्येकदा पुस्तक त्यांनीच दिलेलं असतं. शेअर बाजाराचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याकडे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी आहे का ते सेबीच्या संकेतस्थळावर नावानं बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

म्युच्युअल फंडाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी पुढचं पुस्तक त्यावरच असणार. पगारातल्या दीड हजारांची एसआयपी सुरू करायला हरकत नाही. पुस्तकातलं १२ टक्क्यांचं कोष्टक मात्र हमी म्हणून वाचू नका, आणि त्याआधी मुदतीचा शुद्ध विमा (टर्म इन्शुरन्स) आणि घरच्यांचा आरोग्य विमा घ्या. मुदतीच्या विम्याची रक्कम निदान कॅश क्रेडिटची मर्यादा आणि घराचा दहा वर्षांचा खर्च मिळून असावी.

पाचवं पुस्तक लगेच घेऊ नका. आहेत त्यातलं एक परत काढा आणि प्रत्येक प्रकरणाला आपल्या दुकानाचा एक आकडा समासात लिहा. जिथं लिहायला आकडा सापडत नाही ते प्रकरण बहुतेक वेळा हुरूप देण्यासाठी असतं, ते दुसऱ्यांदा वाचायची गरज नाही.

फ्लॅट कायमचा सोडा असंही मी म्हणत नाही. मालकाचा पगार वजा जाऊन दुकान सलग दोन वर्षं नफ्यात, १८० दिवसांवरची उधारी एकूण उधारीच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि राखीव दोन लाखांना हात लागलेला नाही, एवढं झालं की हिशेब पुन्हा मांडू. तोवर एक काम आजच सुरू करा. दुकानाचा व्यवहार विवरणपत्रात खरा दाखवा. बँक गृहकर्जाला साधारण तीन वर्षांची विवरणपत्रं बघते. कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवलेलं असेल तर २८ लाखांच्या जागी दहा-बारा लाखच मंजूर होतात, आणि ते कळतं इसार देऊन झाल्यावर.